शंकासमाधान : घरची गोष्ट बाहेर सांगावी का?

शंका : सून स्वभावाने चांगली आहे. पण अलीकडे दर बुधवारी रात्री ती खोलीचं दार लावून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर कुणा समुपदेशक बाईंशी तासभर बोलते. परवा गॅलरीतले कपडे काढताना तिचं एक वाक्य माझ्या कानी पडलं, "आईंना काही सांगायला गेलं की त्या लगेच वन्संचं उदाहरण देतात." घरातलं उणंदुणं असं परक्यापुढे मांडणं कुठल्या मर्यादेत बसतं? तिला थांबवू का?
— एक सासूबाई, सातारा

समाधान : थांबवू नका. ते वाक्य ऐकून तुमच्या जिवाला लागलं असणार, हे मी समजू शकतो. आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईला आपल्याबद्दल दाराआड बोललं जातंय हे सहन होत नाही. पण घरची गोष्ट बाहेर जाऊ नये असं आपल्या मोठ्यांनी सांगितलं, ते कशासाठी? पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत, भिशीच्या बैठकीत ती चघळली जाते, चार तोंडं फिरून तिखटमीठ लावून परत येते आणि घर मोडतं, म्हणून. सल्ला घेऊच नये, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पूर्वीची सून माहेरच्या काकूला सांगायचीच. काकू मायेची असायची, पण ती पुतणीची बाजू घ्यायची आणि दिवाळीत व्याह्यांना चार शब्द सुनवायची.

समुपदेशक कुणाच्याच बाजूचा नसतो. ऐकलेलं बाहेर न सांगणं हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. उपचार घेणाऱ्यांना गोपनीयतेचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही दिला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. आणि त्या तासाभरात नुसत्या तक्रारी ऐकून घेतल्या जातात असं समजू नका. "मग तुम्ही काय म्हणालात?", "त्यांना तसं का वाटलं असेल?" हे प्रश्न चांगला समुपदेशक विचारतोच. म्हणजे तुमची बाजूही तिथे निघते, आणि ती मांडायची वेळ तुमच्या सुनेवरच येते. तुमच्या कानावर आलं ते तासाभरातलं एक वाक्य.

आता तुमच्याकडून काय व्हावं? बुधवारी त्या वेळी नातवंडाला जवळ घ्या, टीव्हीचा आवाज थोडा कमी करा आणि गॅलरीतले कपडे दिवस मावळायच्या आत काढून ठेवा. आपल्या घरांत मोकळेपणी बोलायला कोपरा मिळत नाही. कितीतरी सुना आणि मुलगे गच्चीवर जाऊन, नाहीतर इमारतीखाली उभ्या केलेल्या गाडीत बसून हे बोलणं उरकतात. तुमच्या सुनेला घरात दार लावून बसता येतं, याचं श्रेय तुम्हालाही आहे. ऐकलेलं वाक्य मात्र कधीही भांडणात काढू नका. ते खरं वाटत असेल तर लेकीचं उदाहरण देणं बंद करा. सून न सांगता ओळखेल.

सूनबाईंसाठीही एक गोष्ट सांगतो, हा अंक त्यांच्या हाती पडला तर. "माझ्या मॅडम म्हणतात" हे वाक्य जेवणाच्या टेबलावर आणू नका. तिथे जे उमगलं ते आपल्या वागण्यात यावं. समोरच्याला गप्प करण्यासाठी ते वापरलं, तर सासूबाईंची शंका खरी ठरेल.

शंका : मी रोज नामस्मरण करतो. तरी मुलाशी बोलणं तुटल्यापासून मनाला स्वस्थता नाही. भाचा म्हणतो, ऑनलाइन समुपदेशन घ्या. देवावर श्रद्धा असताना माणसाकडे असा आधार मागणं ही अश्रद्धा नव्हे का? आणि पडद्यावरचा माणूस मनापर्यंत पोचणार तरी कसा?
— निवृत्त शिक्षक, बार्शी

समाधान : भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. समोर उभ्या आप्तांना पाहून त्याचे हातपाय गळाले आणि त्याने ते बोलून दाखवलं. प्रत्यक्ष भगवंतानेही त्याला, तू माझा भक्त असून खचतोस कसा, असं म्हणून वाटेला लावलं नाही. अठरा अध्याय त्याच्याशी संवाद केला आणि शेवटी सांगितलं, की आता पूर्ण विचार कर आणि तुला पटेल ते कर. निर्णय अर्जुनावरच सोडला. चांगला समुपदेशकही तेच करतो. मुलाला फोन करायचा की नाही, हे ठरवाल तुम्हीच.

तुमची पडद्याची शंका मला महत्त्वाची वाटते. परंपरा सांगते, की लोकांच्या वागण्याने उद्विग्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेरूनच त्यांना विनवलं. ताटीचे अभंग ते हेच. मध्ये बंद दार होतं, चेहरा दिसत नव्हता, तरी शब्द पोचले. कारण बोलणारीला कळकळ होती आणि ऐकणाऱ्याला ऐकायचं होतं. बार्शीत बसून पुण्या-मुंबईच्या जाणकाराशी मराठीत बोलता येतं, ही सोय लहान नाही. नाम सोडू नका. समुपदेशकाने तुमच्या श्रद्धेची टिंगल केली तर माणूस बदला. आणि कुणी समुपदेशनाच्या नावाखाली अंगठी, तोडगा किंवा वास्तूचा दोष सांगू लागला, तर तिथल्या तिथे फोन ठेवा.

शंका : खरा जाणकार ओळखायचा कसा? आणि फी परवडत नसेल तर?
— एक वाचक, चिपळूण

समाधान : शिक्षण आणि नोंदणी सरळ विचारा, त्यात उद्धटपणा नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. दोन महिन्यांचा कोर्स करून पाटी लावणारेही पुष्कळ आहेत. परवडत नसेल तर 14416 हा केंद्र सरकारच्या टेलिमानसचा क्रमांक फिरवा. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली ही सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं.

शंका : नवरा हात उगारतो. मोठ्या जाऊबाई म्हणतात, दोघांनी मिळून ऑनलाइन समुपदेशन घ्या, घर वाचेल. पत्नीधर्म म्हणून मी तयार व्हावं का?
— एक भगिनी, नांदेड जिल्हा

समाधान : नाही. मार खाणं हा कुठलाच धर्म नाही. जोडप्याचं समुपदेशन दोघांना न घाबरता बोलता येत असेल तिथेच उपयोगी पडतं. तुम्ही पडद्यासमोर खरं बोलाल, मोबाइल बंद होईल आणि तो माणूस त्याच खोलीत तुमच्या शेजारी असेल. त्याचा अर्थ तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो. तुम्हाला आधी सुरक्षितता हवी. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा तुमच्या बाजूने आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष 1984 मध्ये मुंबई पोलिसांत टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात. फोन शेजारणीच्या मोबाइलवरून करा, आपल्या मोबाइलवर नोंद राहू देऊ नका. पुढच्या अंकाच्या उत्तराची वाट पाहू नका, आजच करा.