ताप उतरल्यानंतरची रात्र

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक आठ वर्षांचा मुलगा डेंग्यूने इस्पितळात होता. पाचव्या दिवशी सायंकाळी आम्ही भेटीस गेलो, तेव्हा त्याचे अंग निवले होते. आईच्या चेहऱ्यावर हसू परतले होते, आजी वेलंकनी माउलीचे उपकार मानीत होती. परिचारिका तेवढी हसली नाही. मुलाचा नुकताच डोळा लागला होता; तिने त्याला हलवून जागे केले, दंडाला पट्टा आवळून रक्तदाब पाहिला, नख दाबून सोडले, लघवी कधी व किती झाली ते विचारून लिहून घेतले. तासाभराने पुन्हा तेच. न राहवून आम्ही म्हणालो, "सिस्टर, निजू द्या की लेकराला."

"फादर, ताप उतरला म्हणूनच उठवते," ती अदबीने म्हणाली.

आमच्या त्या दयेची आम्हांला आज लाज वाटते. डेंग्यूचा घातक टप्पा बहुधा ताप उतरतानाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान, सुरू होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तातील द्रव बाहेर जातो आणि रक्त दाट होते. हे २४ ते ४८ तास जोखमीचे. मूल शुद्धीवर असते, बोलतेही. रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो. खालचा मात्र हळूहळू वर सरकतो, आणि दोहोंतील अंतर २० वर आले की संकट दारात उभे असते. पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, गार पडलेले हातपाय, उगाचची तळमळ या खुणा जागा माणूसच टिपू शकतो.

मुलांमधील या रक्तस्रावी ज्वराची ओळख १९५३-५४ साली मनिलात पटली. १९५८ साली बँकॉकमध्ये त्याची मोठी साथ आली. तेथील बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मनित्य यांनी वर्षानुवर्षे खाटांशेजारी निरीक्षण करून उपचाराची रीत बसवली. योग्य शुश्रूषा न मिळाल्यास गंभीर डेंग्यूच्या १०० रुग्णांपैकी २० वा अधिक दगावू शकतात. मिळाल्यास एकाहूनही कमी. आणि या विषाणूवर नेमके औषध तर आजही नाही! मग हा फरक कशाने पडला? पाणी आणि पहारा यांनी.

पाणीही मोजूनच. नातेवाईक 'आणखी सलाईन लावा, पेशी चढवा' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागले होते. केवळ आकडा घसरला म्हणून पेशी चढवण्याची सहसा गरज नसते, आणि पाझरलेला द्रव दोन दिवसांनी रक्तात परतू लागल्यावरही सलाईन चालूच राहिले, तर फुप्फुसांत पाणी साचून मूल गुदमरते. प्रेम मोजमाप करीत नाही, असे आम्हीच प्रवचनांतून शेकडो वेळा सांगितले आहे. त्या खाटेशी मात्र मोजमाप न करणारे प्रेम सर्वांत धोक्याचे होते, आणि जिला आम्ही कठोर समजत होतो तिचेच प्रेम थेंब मोजीत होते.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. आईचा आनंद हिरावण्याचा अधिकार त्या मुलीला कोणी दिला? 'बरे झाले' म्हणणे तिला सोपे होते. आईने रात्रभर दुवा दिला असता. तिने आईला बाजूला घेऊन खरे सांगितले आणि नंतर तिच्याच हाती कागद देऊन लघवीची नोंद ठेवायला शिकवले. रडणाऱ्या आईला तिने पहारेकरीण केले. सांत्वन म्हणून आम्ही जे काही बोललो होतो, त्याहून ते अधिक उपयोगाचे ठरले.

मुलगा वाचला. सातव्या दिवशी सलाईन काढले, तेव्हा आजी रागावली. देयकात औषधांची, तपासण्यांची, खाटेची रक्कम वेगवेगळी लिहिली होती. जागरणाची ओळ त्यात नव्हती. त्या पहिल्या रात्री वॉर्डात १२ खाटा होत्या आणि परिचारिका ती एकटी. बाराव्या खाटेवरची नोंद तिने पुरी केली, तोवर पहिल्या खाटेचा तास भरत आला होता.