मोळीपुरतं

माणसाला नाद कशाचाही लागू शकतो. कुणाला पत्त्यांचा, कुणाला पोस्टाच्या तिकिटांचा, कुणाला दुसऱ्यांच्या मुलामुलींची लग्नं जुळवण्याचा. पण सरपणाचा नाद म्हणजे या सगळ्यांचा बाप. बाकीच्या नादांना घरचे लोक नावं ठेवतात. सरपण गोळा करणाऱ्याला मात्र 'संसारी माणूस' म्हणतात. नादाला अशी अब्रू मिळाली, की तो सुटायचं काही कारणच उरत नाही.

आमच्या गावात हा नाद असायला भूगोलाचाही आधार आहे. १६१० साली मलिक अंबरनं जिथं राजधानी वसवली, त्या गावाचं नाव खडकी. पुढे त्याचं औरंगाबाद झालं, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. पण खडक काही जागचा हलला नाही. अशा मुलखात काटकीलाही भाव. तूर निघाली की तुराट्या, कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या. त्यांचे भारे दाराशी रचले गेले म्हणजे बायकांचा जीव भांड्यात पडायचा. शहरात आलेल्या मंडळींनी भारे मागे ठेवले, पण न्हाणीघरातला तांब्याचा बंब सोबत आणला. बंबाला वाळलेलं काहीही चालतं: नारळाची करवंटी, आंब्याची कोय, खोक्याची फळी. त्यामुळे ज्या घरात बंब, त्या घरातला माणूस रस्त्यानं समोर बघून चालत नाही. खाली बघत चालतो. लोकांना वाटतं, किती विनयशील गृहस्थ!

आमच्या कॉलनीत एक निवृत्त मास्तर आहेत. स्वयंपाकघरात गॅस, गच्चीवर सोलर. बंब केव्हाच मोडीत गेला. तरी वळवाचा पाऊस होऊन गुलमोहराची फांदी पडली, की मास्तर सकाळी सहाला कुऱ्हाड घेऊन हजर. "मास्तर, आता हे कशाला?" म्हणून विचारावं, तर म्हणतात, "असू द्या. लागतं." कुणाला लागतं, कशाला लागतं, कधी लागतं, काही पत्ता नाही. जन्मभर मुलांना व्याकरण शिकवलेल्या माणसाचं हे वाक्य!

पण कुऱ्हाडीची गोडी मला समजते. मी बँकेत काउंटरवर बसतो. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे इकडचे तिकडे करायचे; संध्याकाळी मेळ बसला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. ओंडक्याचं तसं नाही. घाव घातला की तिथल्या तिथं दोन तुकडे. साहेबांची सही लागत नाही. वाळलेलं लाकूड खणकन वाजतं, ओलं नुसतंच 'थप्' म्हणतं, आणि मध्ये गाठ आली की कुऱ्हाड अडकून बसते. मग पाचर ठोकायची. लाकूड खोटं बोलत नाही. घाम किती गाळला याचा हिशेब शेजारी रचून ठेवलेला असतो, आणि तो कमरेएवढा झाला की छातीएवढा व्हावासा वाटतो.

मोठमोठ्यांची हीच गत. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म १९१८ साली गादी गमावून हॉलंडमध्ये जाऊन राहिला. तिथं त्यानं काय केलं? हजारो झाडं पाडून लाकडं फोडली. साम्राज्य गेलं, पण ढीग वाढला. नॉर्वेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनं तर २०१३ च्या फेब्रुवारीत सरपण या एकाच विषयावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले आठ तास नुसती आग जळत होती. तक्रारी आल्याच, पण कंटाळा आल्याच्या नव्हेत. लाकडं रचताना साल वर हवी की खाली, यावरून लोक भांडत होते!

आता प्रश्न असा, की ही दूरदृष्टी म्हणायची की हाव? मुंगी साठवते तेव्हा आपण तिचं कौतुक करतो. जैन धर्मानं तर अपरिग्रह हे व्रतच सांगितलं. आमची बँक मुंगीच्या बाजूची आहे, हे सांगायला नको. पण मला वाटतं, साठवण्यात पाप नाही. 'पुरे' कुणी म्हणायचं हा खरा मुद्दा आहे. लाकडाच्या ढिगाला निदान वाळवी तरी लागते. मुदत ठेवीला तीही लागत नाही. उलट तीच दरवर्षी वाढत जाते. मग माणसाला थांबवणार कोण? आपल्याकडे म्हणतातच, लाकडं मसणात गेली तरी याची हाव काही सुटत नाही. सरपणातला मधला 'प' गळाला की सरण होतं, आणि ते मात्र दुसऱ्यांनी रचायचं असतं.

'पुरे' म्हणणारी एक गोष्ट मी पाहिली आहे. ती म्हणजे मोळी. मोळीला मर्यादा असते ती डोक्याची. पेलेल तेवढंच बांधायचं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ गरीब घरांत गॅस गेला. पण टाकी पुन्हा भरायला दरवेळी पैसे असतातच असं नाही. तेव्हा बाई पुन्हा काटक्या वेचते आणि चुलीपुढे धूर खात बसते. तिच्या वेचण्याला कुणी छंद म्हणत नाही.

मागच्या वळवानंतर अशीच एक बाई कॉलनीत आली. फांद्या मास्तरांनी आधीच उचललेल्या. ढिगाकडे बघत ती म्हणाली, "काका, थोडं नेऊ का? चुलीला लागतंय, सांजच्याला."

कुणाला, कशाला, कधी. सगळं एका दमात. मास्तर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "न्या बाई." ती एकेक लाकूड उचलत होती, तसा मास्तरांचा चेहरा मुदतीआधी ठेव मोडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघणाऱ्या आमच्या साहेबांसारखा होत होता. तिनं मोळी बांधली. मास्तर म्हणाले, "अजून न्या की." ती म्हणाली, "नको. पेलायचं नाही." आणि उभीच राहिली. मोळी एकट्यानं बांधता येते, पण डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. एका बाजूनं मास्तर, दुसऱ्या बाजूनं मी, अशी ती आम्ही चढवून दिली.

मास्तरांचा नाद काही सुटलेला नाही. फांदी पडली की सहाला कुऱ्हाड वाजतेच. फरक एवढाच, की ढीग आता कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला रचला जातो. साल वर की खाली, याकडे मात्र त्यांचं अजून बारीक लक्ष असतं.