कोणत्या शतकाला ठेवायचं?

फोनवर ‘अथेन्स’ असं शोधलंत की एक फोटो हमखास समोर येतो. टेकडी, निळंशार आकाश आणि पार्थेनॉनचे संगमरवरी खांब. भोवती मोकळा खडक. वाटतं, अडीच हजार वर्षांच्या ऊनपावसात जे टिकलं ते हे. पण अ‍ॅक्रोपोलिसवरचा हा मोकळेपणा प्राचीन नाही. तो एकोणिसाव्या शतकात मुद्दाम तयार केला गेला.

पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधलं गेलं, अथीना देवीचं मंदिर म्हणून. पुढे त्याचं चर्च झालं, मेरीमातेचं. मंदिर म्हणून ते जितकी शतकं नांदलं, जवळपास तितकीच चर्च म्हणूनही नांदलं. पंधराव्या शतकात ऑटोमन तुर्कांनी अथेन्स घेतलं आणि तिथे मशीद आली, मिनार आला. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत साठवलेल्या दारूगोळ्यावर पडला आणि इमारतीचा मधला भाग उडाला. नंतर त्या भग्न भिंतींच्या आत एक छोटी मशीद बांधली गेली. टेकडीवर घरं होती, माणसं राहत होती.

मग ग्रीस स्वतंत्र झाला. १८३४ मध्ये, बव्हेरियाहून आलेल्या तरुण राजा ओटोसमोर, लिओ फोन क्लेन्झे या वास्तुकाराने टेकडीवरच्या समारंभात सांगितलं की रानटी काळाच्या खुणा इथून काढल्या जातील. त्यानंतर घरं गेली, मशीद गेली. प्रवेशद्वारालगत मध्ययुगातला एक उंच मनोरा होता. तो १८७५ मध्ये पाडला गेला. खर्च दिला हाइनरिख श्लीमानने, ट्रॉयच्या उत्खननामुळे नाव झालेल्या माणसाने. त्याआधीच्या फोटोंमध्ये तो मनोरा अजून उभा दिसतो.

इथे मला प्रश्न पडतो. एका पिढीला आपल्या भूतकाळातलं एक शतक निवडून बाकीची पुसून टाकण्याचा हक्क असतो का?

घाईने ‘नाही’ म्हणावंसं वाटतं, पण ते इतकं सोपं नाही. शतकानुशतकं परक्या सत्तेखाली राहिलेल्या लोकांना आपला अभिमानाचा काळ डोळ्यांसमोर हवा असतो, हे समजण्यासारखं आहे. शिवाय त्याच टेकडीवरचं अथीना नीकेचं छोटं मंदिर पाहा. सतराव्या शतकात तुर्कांनी ते उतरवून त्याचे दगड तोफांच्या बुरुजासाठी वापरले होते. स्वातंत्र्यानंतर तो बुरूज फोडला, तेव्हा दगड हाती आले आणि मंदिर पुन्हा उभं राहिलं. म्हणजे पाडणं दर वेळी वाईटच, असं मी म्हणू शकत नाही.

पण ‘आपलं’ आणि ‘रानटी’ ही विभागणी कोण करतं? त्या चर्चमध्ये मेणबत्ती लावणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथे प्रार्थना करणारी बहुतेक माणसं ग्रीकच होती. त्यांचं अथेन्स कमी खरं होतं का? लॉर्ड एल्गिनने पार्थेनॉनची शिल्पं इंग्लंडला नेली, त्यावर आजही वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण ती शिल्पं निदान ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, परत मागता येतात. पाडलेला मनोरा कोणाकडे मागणार?

याचं उत्तर मला तत्त्वज्ञांपेक्षा पार्थेनॉनची डागडुजी करणाऱ्यांकडे जास्त सापडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडलेले खांब उभे केले. दगड जोडायला त्याने लोखंड वापरलं. प्राचीन कारागीरही लोखंडच वापरत, पण त्यावर शिसं ओतत, म्हणजे गंज चढत नसे. बालानोसचं लोखंड गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवराला तडे गेले. हेतू चांगला होता, तरी इजा झाली.

१९७५ मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते काम निस्तरलं जाऊ लागलं. लोखंडाच्या जागी टायटॅनियम आलं. भर घालायला पेंटेली डोंगरातलाच संगमरवर घेतला, पण तो जुन्यात बेमालूम मिसळवला नाही. नवा तुकडा पांढरा दिसतो, कळतो. प्रत्येक बदलाची नोंद ठेवली जाते आणि बसवलेला भाग पुढे कधी काढायचा झाला तर मूळ दगडाला शक्य तितका धक्का लागू नये, असं काम केलं जातं.

मला यात नीतीचा एक नियम दिसतो. भूतकाळाला हात लावूच नका, असं तो म्हणत नाही. हात लावाल तर लपवू नका, आणि आपण चुकलो असू ही शक्यता धरून चाला, एवढंच तो मागतो. आपल्यानंतर येणाऱ्यांना आपला निर्णय बदलता यायला हवा. क्लेन्झेला आपण बरोबर आहोत याची खात्री होती. श्लीमानलाही असणार. खात्री असलेल्या माणसाच्या हातात पहार येते, तेव्हा हा नियम सगळ्यात जास्त लागतो.