आज निवड तुमची

ऑनलाइन चित्रपट मंडळात दर आठवड्याला एकाचा नंबर येतो. सिनेमा त्याने सुचवायचा, बाकीच्यांनी आपापल्या घरी बघायचा आणि सुटीच्या दिवशी त्यावर बोलायचं. खामगावचे कोणी शिक्षक, चिखलीची कोणी नर्स, लोणारचे कोणी दुकानदार. नंबर आला की आधी मोठ्या दिग्दर्शकांची नावं आठवतात, बर्गमन नाहीतर तारकोव्हस्की. त्यात गैर काहीच नाही. पण ज्याला निवड जमते, तो यादी उघडण्याआधी माणसं आठवतो. या वेळी बघणार कोण कोण आहे? कुणाच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालू आहे? कोण रात्रपाळी करून येणार आहे?

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) घ्या. विदर्भातल्या शेतकऱ्याचं घर. शेजारच्याने आत्महत्या केल्यावर अलकाला नवऱ्याची, किस्नाची, काळजी वाटू लागते. किस्ना एकटा राहू नये म्हणून ती मुलाला त्याच्या मागे लावते. सिनेमा फार चांगला आहे. तरी ज्या घराला यंदा पावसाने दगा दिला, त्या घरी तो याच आठवड्यात न्यायचा की थोडं थांबायचं? हा प्रश्न मला सिनेमाच्या दर्जाइतकाच मोलाचा वाटतो. कधी उलटही होतं. आपलं दुःख कोणीतरी नीट पाहिलं, याचा त्याच घराला धीर येतो. म्हणून एक फोन करून विचारावं. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ची गोष्ट वेगळी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातलीच माणसं घेऊन केलेला हा सिनेमा २०२३मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गौरवला गेला. पाहुणे येतात, मुलीला समोर बसवतात, तेच ते प्रश्न विचारतात. हा मुलीने एकटीने बघण्यापेक्षा वडील, भाऊ, काका अशा सगळ्यांनी मिळून बघावा. तसं सुचवतानाच सांगावं.

अशी मंडळं आपल्याकडे नवी नाहीत. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ उभा राहिला. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८चं. तेव्हा दूतावासांकडून, दुसऱ्या सोसायट्यांकडून रिळांचे डबे येत आणि जे येईल ते लोक मन लावून बघत. आता जगातला हवा तो सिनेमा मेहकरच्या घरात फोनवर उघडतो. एवढं समोर असताना दुसऱ्यासाठी निवडायला जास्त माया लागते. आणि ज्यांच्यासाठी निवडला, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत बंद न करता शेवटपर्यंत बघावं. संथ वाटला तरी. निवडणाऱ्याने त्यात आपल्यासाठी काहीतरी पाहिलेलं असतं.

आज दिवसभरात आपणही दुसऱ्यांसाठी बरंच काही निवडणार आहोत. डब्यातली भाजी, आईला दवाखान्यात न्यायची वेळ, एखादी नकोशी बातमी घरी कधी सांगायची ते. प्रत्येक वेळी घटकाभर समोरच्याचा दिवस डोळ्यांपुढे आणला, तर निवड बहुतेक वेळा बरोबर येते. आणि या आठवड्यात मंडळात तुमचा नंबर असेल, मंडळी दमलेली असतील, तर इराणच्या अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७चा सिनेमा सुचवा. चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत करायला एक शाळकरी मुलगा शेजारच्या गावी धावतो, एवढीच गोष्ट. दीड तासाच्या आत संपते. सोबत दोन ओळी नक्की लिहा, हा तुमच्यासाठी का निवडला ते.