नकाशावरील दुकान आणि आप्तवचन

गुगलच्या नकाशावर एखादे दुकान वर दिसणार की खाली, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: शोधणाऱ्याच्या मागणीशी ते किती जुळते, किती जवळ आहे आणि त्याचे नाव किती झाले आहे. अंतर कोणाच्या हातात नसते. जुळणी दुकानदाराने दिलेल्या माहितीवर आणि नाव बरेचसे गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांवर ठरते. त्यामुळे प्रश्न तंत्राचा राहत नाही, प्रमाणशास्त्राचा होतो. न पाहिलेल्या दुकानाविषयी परक्याचा शब्द का मानावा?

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले, पण शब्द आप्ताचा हवा. आप्त कोण, हे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात सांगितले आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू, असेही तो म्हणतो. भाष्यातले हे सर्वांत उदार विधान म्हणावे लागेल. त्यामुळे पिठाच्या गिरणीबद्दल कोणी अनोळखी बाई लिहिते, ‘दळण जाडसर सांगितले तर जाडसरच मिळते, पण आधी कोणाची ज्वारी झाली असेल तर गव्हात थोडे पीठ मिसळते’, तेव्हा ती पुरेपूर आप्त ठरते. नुसते पाच तारे मात्र काय जाणले ते सांगतच नाहीत.

परगावच्या मेहुण्याने गिरणी न पाहता लिहिलेले कौतुक पहिल्या अटीवर पडते, सवलत देऊन लिहून घेतलेले दुसरीवर. गुगलच्या नियमांत दोन्ही बसत नाहीत, आणि भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी काढलेल्या मानकाचा रोखही अशाच बनावट मजकुरावर आहे. हा निषेध जुनाच आहे: जैन आचार्य उमास्वातीने तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या सत्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत. त्यांतला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे.

स्वतःला पुढे करणे हाच दंभ नव्हे का, अशीही शंका निघते. गीतेच्या तेराव्या अध्यायात अमानित्व आणि अदंभित्व ज्ञानात मोजले आहेत, आणि ज्ञानेश्वरांनी त्यांवर विस्ताराने लिहिले आहे. तरी ही शंका फार टिकत नाही. वेळ, पत्ता, साप्ताहिक सुट्टी ही गुणांची मिरवणूक नव्हे. ती चुकली तर गिऱ्हाईक डबा घेऊन बंद शटरपुढे उभे राहते. पाटीवर नसलेले ‘शहरात सर्वोत्तम’ नकाशावरच्या नावाला जोडणे हा मात्र दंभच, आणि दुकानाचे नाव प्रत्यक्षात असेल तेच द्यावे, या गुगलच्या नियमाचा भंगही.

अवघड प्रकरण निराळेच आहे. दुकानदार फक्त खूश दिसणाऱ्यांनाच अभिप्राय लिहायला सांगतो. लिहिणारा प्रत्येक जण आप्त, प्रत्येक वाक्य खरे, तरी वाचणाऱ्याच्या मनात उमटणारे चित्र खोटे. आप्ताचे लक्षण एकेका वक्त्यापुरते असल्याने हा दोष त्यात सापडत नाही. तो निवडणाऱ्याच्या हेतूत असतो. गुगलनेही अशी निवडक विनंती निषिद्ध ठरवली आहे. दळण घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला, कुरकुरणाऱ्यालाही, त्याच शब्दांत विचारणे एवढाच मार्ग दुकानदाराला उरतो. त्याने क्रमांक हळू चढतो, आणि नव्या गिरणीचा तर फारच हळू.