फुणक्यांचं पातेलं

जळगाव-धुळ्याकडे फुणके-कढीचा बेत असला की दोन पातेली चढतात. एकात तळाशी पाणी आणि वर चाळणीत भरड वाटलेल्या तूरडाळीचे फुणके. दुसऱ्यात कढी. दोन्ही जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कधी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेली. सकाळी घासायला काढावीत तर दोघांचं रूप वेगळं. कढीचं पातेलं आतून लख्ख. फुणक्यांच्या पातेल्यात काळा पट्टा, बरोबर पाणी होतं तिथपर्यंत.

नवल वाटतं. भांड्याला आपण जपतो ते आंबटापासून. पितळेला कल्हई करायची ती त्याच धास्तीने. पाण्याचा संशय कोणी घेत नाही. इथे पाण्याने काळं केलं आणि ताकाने उजळ ठेवलं.

बाहेरचा काळेपणा समजतो. ती पऱ्हाट्यांच्या जाळाची काजळी. चुलीवर चढवण्याआधी बुडाला मातीचा हात फिरवला की काजळी मातीवर बसते आणि मातीबरोबर निघून जाते. आतलं काळं असं कुठून येऊन बसलेलं नसतं. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. केसापेक्षा हजारो पट पातळ, डोळ्यांना न दिसणारा. त्या थराच्या आडोशानेच हा धातू टिकतो. बोअरचं जड पाणी आत उकळत राहिलं की थर वाढतो, क्षारांनी रंग धरतो. जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा टाकला, तर आणखीच. म्हणजे आपण ज्याला डाग म्हणतो, ते त्या भांड्याचं पांघरूण आहे. जरा जाड झालेलं, इतकंच.

पण काळं दिसलं की हात आधी जोराकडे जातो. राख, धुण्याचा सोडा, तारेची घासणी. राख आणि सोडा दोन्ही क्षाराच्याच जातीचे, त्यांनी काळं घालवायचं कसं? दंड भरून येतात. भांड्यावर चरे पडतात. घासून उघडा पडलेला धातू पुढच्या उकळीला पुन्हा काळवंडतो.

जाणत्या बायका घासत बसत नाहीत. लिंबाएवढी चिंच घेतात, नाही तर पिळलेल्या लिंबांची सालं. पट्ट्याच्या वर येईल इतकं पाणी. दहा-पंधरा मिनिटं उकळू द्यायचं आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. मग काथ्याचा हलका हात पुरतो. या कृतीतलं ‘दुसऱ्या कामाला लागायचं’ हे मला फार आवडतं. काही गोष्टींपाशी आपण उभं राहिलो नाही, तरच त्या नीट होतात.

बाजारात आता हार्ड ॲनोडाइज्ड कढया मिळतात. करड्या-काळ्या, महाग. हाच थर विजेच्या साह्याने मुद्दाम जाड केलेला असतो. ती कढई चिंचेत उकळायचं कोणाच्या मनातही येत नाही. तिचं काळेपण किमतीत धरलेलं असतं.

काही घरांत फुणक्यांचं पातेलं वेगळंच ठेवतात. आतलं काळं तसंच राहू देतात. धुतात, रात्रभर पाणी साचू देत नाहीत, पुसून पालथं घालतात. एवढंच पाळतात, की त्यात कढी करायची नाही, चिंचेची आमटीही नाही. केली तर पातेलं उजळेल, पण ते काळं ताटात येईल.