युधिष्ठिराची साक्ष

अश्वत्थामा मेल्याची बातमी द्रोणाचार्यांना आधी भीमाने दिली होती, तीही ओरडून. ती त्यांना पटली नाही. ते युधिष्ठिराकडे वळले, कारण हा माणूस खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती. हा प्रसंग आपण अर्धसत्याचा दाखला म्हणून सांगत आलो. मला मात्र त्यात द्रोणांनी साक्षीदार कोण निवडला, हे महत्त्वाचं वाटतं. हुकूमशहाचं काम भीमावर भागतं. जिथे लोक सरकारवर उघड शंका घेतात, तिथे युद्धाचा प्रचार युधिष्ठिराच्या तोंडून यावा लागतो.

१० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्क गटापुढे पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी बोलायला उभी राहिली. सद्दाम हुसेनने कुवेत गिळून दोन महिने झाले होते. तिचं नाव फक्त ‘नायिरा’ एवढंच सांगण्यात आलं. मायदेशी अडकलेल्या नातलगांच्या जिवाला धोका, असं कारण होतं. आपण कुवेतच्या एका रुग्णालयात सेवेला जात होतो, इराकी सैनिक तिथे शिरले, काचेच्या पेट्यांमधली बाळं त्यांनी बाहेर काढली आणि थंडगार फरशीवर मरायला टाकली, असं ती रडत रडत म्हणाली.

अध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. डिसेंबरमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालात अशा बाळांचा आकडाच आला: ३१२. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटने युद्धाला संमती दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी, आणि चर्चेत काही सिनेटरांनी या बाळांचा हवाला दिला. ही गोष्ट नसती तर युद्ध टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण पाच मतांचा फरक म्हणजे काही फार नव्हे.

वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये, पत्रकार जॉन मॅकआर्थर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की ही मुलगी कुवेतच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूताची कन्या आहे. तिची साक्ष बसवून घेण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता. कंपनीला काम देणारी संस्था ‘मुक्त कुवेतसाठी नागरिक’ असं भाबडं नाव लावून होती आणि तिचा जवळजवळ सगळा पैसा कुवेत सरकारचा होता. शिवाय ज्या गटापुढे ती बोलली ती संसदेची रीतसर समिती नव्हतीच. त्यामुळे शपथेचा प्रश्न आला नाही. सभागृह, टेबलं, ध्वनिक्षेपक, कॅमेरे सगळं संसदेसारखं. नव्हती ती फक्त शपथ!

यात कुठे सेन्सॉर दिसतो का? कुणा संपादकाला अटक झाली नाही, कुणाचा छापखाना सील झाला नाही. अध्यक्षांच्या तोंडी आलं म्हणून वर्तमानपत्रांनी छापलं, अ‍ॅम्नेस्टीने म्हटलं म्हणून सिनेटरांनी मानलं. प्रत्येकाने दुसऱ्याची पत तारण धरली आणि मूळ दस्तऐवज कुणीच पाहिला नाही. पाहणार तरी कसा? तान्ह्या बाळाच्या मृत्यूचा पुरावा मागणारा माणूस चारचौघांत राक्षस ठरतो. प्रश्न विचारायला बंदी घालावी लागत नाही, प्रश्न विचारण्याची लाज वाटेल अशी गोष्ट रचली की पुरतं.

ही कला जुनी आहे. मे १९१५ मध्ये ब्रिटनने बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांचा अहवाल काढला. अध्यक्ष होते लॉर्ड ब्राइस, नाणावलेले इतिहासकार आणि अमेरिकेत पूर्वी राजदूत असल्याने तिथे आदराचं स्थान. साक्षीदारांची नावं नव्हती, शपथ तेव्हाही नव्हती. खेदाची गोष्ट अशी, की जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये हजारो निःशस्त्र माणसं खरोखरच मारली होती आणि लुव्हेनचं विद्यापीठ ग्रंथालय जाळलं होतं. सत्यच पुरेसं भयंकर होतं. तरी त्यावर कल्पित क्रौर्याचे थर चढत गेले. १९१७ मध्ये तर जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात, अशीही बातमी ब्रिटिश पत्रांत गाजली. १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत जर्मनीचा इन्कार स्वीकारला आणि ती बातमी निकालात निघाली.

पण तिची वसुली पुढे झाली. १९४३ मध्ये पोलंडमधल्या गॅस कोठड्यांच्या बातम्या लंडनला पोचल्या, तेव्हा परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यावर अविश्वासाचा शेरा मारला आणि दाखला दिला तो मागच्या युद्धातल्या त्याच चरबीच्या कथेचा. असत्य बोलल्यावर युधिष्ठिराचा रथ, जो जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा, तो खाली टेकला असं व्यासांनी सांगितलंय. रथ टेकल्यावर पुढे त्यातून खरी बातमी आली तरी तिच्याकडे कोण पाहणार, हे मात्र कुणी सांगितलेलं नाही.

आपणही फार वेगळे नाही. ८ मे २०२५ च्या रात्री आपल्याकडच्या कितीतरी वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. आदल्या दिवशीचे भारताचे हल्ले खरे होते, पहलगामचं रक्तही खरं होतं. कराची मात्र शाबूत होतं. खऱ्या हल्ल्याला खोट्या विजयाची जोड कशाला लागते, हे मला अजून उमगलेलं नाही. कदाचित ती सरकारपेक्षा आपल्यालाच हवी असते, रात्री अकरा वाजता, जागेवरून न उठता.

कुवेत मुक्त झाल्यावर बातमीदार आणि मानवी हक्कांचे तपासनीस तिथल्या रुग्णालयांत गेले. पेट्यांमधून बाळं ओढून काढल्याचा विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही, अ‍ॅम्नेस्टीनेही आपला शब्द मागे घेतला. अपुऱ्या दिवसांची काही बाळं मात्र खरोखरच दगावली होती. आक्रमणानंतर डॉक्टर आणि परिचारिका जीव मुठीत धरून पळाल्या होत्या. म्हणजे ती आक्रमणानेच मारलेली बाळं. पण त्यांच्या मरणात बंदूकधारी सैनिक नव्हता, थंडगार फरशी नव्हती. रात्रपाळीला कुणी आलं नाही, एवढंच झालं होतं.